वेष्टनाचे पान

श्रावणात ज्या घरी हळदीच्या पानांतले पातोळे होतात, त्या घरच्या मुलांना एक गोष्ट कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. पातोळ्याचे पान खावयाचे नसते. तांदळाच्या पिठाचा थर, त्यावर गूळ-खोबऱ्याचे पुरण, पानाची घडी आणि वाफ, एवढे संस्कार झाले की पान सोलून बाजूस ठेवावयाचे. पान जाते, परंतु त्याचा सुगंध पातोळ्यात राहतो. तेच तांदळाचे पीठ केळीच्या पानात घालून तव्यावर ठेवले की त्याची पानगी होते आणि चव अगदी निराळी लागते. ज्यास आपण नुसते वेष्टन म्हणतो, ते आतल्या वस्तूस आपले काही ना काही देऊन जाते, हे आपल्या स्वयंपाकघरास फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

हेच सूत्र एका अगदी वेगळ्या पानास कसे लागू पडते, हा प्रश्न आमच्यासमोर आला तो आमच्याच शाळेतील सातवीच्या एका मुलीमुळे. त्या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्ही कोठून कोठे गेलो, ते वाचकांस सांगावे म्हणून हा लेख. प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. लेखात तंबाखूची चर्चा असली तरी तंबाखूची भलावण नाही. आम्ही स्वतः त्या वाटेस कधी गेलो नाही आणि कोणी जावे असेही आम्हांस वाटत नाही.

आमची शाळा सीमाभागातील, निपाणीच्या परिसरातली, सरकारी मराठी शाळा. निपाणीचे नाव महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर सर्वतोमुखी झाले ते विडीच्या तंबाखूमुळे. येथील काळ्या रानात तो पिकला, येथील वखारींत तो कुटला-चाळला गेला, आणि त्याच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले. त्या एप्रिलात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले, ही आठवण या भागात अद्यापि ताजी आहे. तंबाखूविषयी येथे जो तो बोलतो. विडीच्या पानाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण ते पान येथले नव्हे.

मागील वर्षी सातवीच्या मुलांना आम्ही वीस पानांचा संग्रह करावयास सांगितले होते. बहुतेक वह्यांत आंबा, वड, पिंपळ, ऊस, सोयाबीन अशी नेहमीची मंडळी हजर होती. एका मुलीच्या वहीत शेवटच्या दोन पृष्ठांवर आपटा आणि टेंभुर्णी होती. आपट्याखाली तिने ‘दसऱ्याचे सोने’ असे लिहिले होते. टेंभुर्णीखाली लिहिले होते, ‘हे पान आमच्या गावचे नाही. हे पोत्यातून येते.’

आम्ही तिला बोलावून घेतले. वर्गात पेंगणारी मुलगी म्हणून ती आम्हांस ठाऊक होती. त्या कारणास्तव दोन वेळा आम्ही तिला उभेही केले होते.

“हे विडीचे पान तू कोठून आणलेस, बाळ?”

“घरातनं, गुरुजी. आई विड्या वळती. मी बी वळतो.”

मग थोडे थांबून तिनेच विचारले, “गुरुजी, तंबाखू त्योच असला तरी पान बदललं की विडीची चव बदलती, असं कारखान्यातनं सांगत्यात. ते कसं काय?”

आम्ही पडलो मराठीचे एम. ए. उत्तर आमच्यापाशी नव्हते. “सांगू,” एवढेच आम्ही म्हणालो आणि ते सांगण्यास आम्हांस दोन महिने लागले.

वेष्टनाच्या पानाचा सर्वांत बारकाईने विचार जगात झाला तो सिगारच्या बाबतीत, म्हणून आम्ही आधी तिकडे वळलो. उत्तम प्रतीच्या सिगारचे तीन भाग असतात. आत गाभ्याची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचे पान. हे तिन्ही भाग तंबाखूचेच असतात. वजनाने पाहू गेल्यास वेष्टन अगदी थोडे, परंतु किमतीने ते बहुधा सर्वांत महाग. त्यास छिद्र नको, डाग नको, जाड शीर नको. ते रेशमासारखे ताणले जावे आणि फाटू नये, अशी अपेक्षा असते.

चवीत त्याचा वाटा किती, याविषयी जाणकारांत एकमत नाही. कोणी निम्म्याहून अधिक मानतात, कोणी त्यास व्यापाऱ्यांची अतिशयोक्ती म्हणतात. परंतु वाटा आहे, याविषयी वाद नाही, आणि त्याची कारणेही समजण्याजोगी आहेत. ओठांस आणि जिभेस प्रत्यक्ष स्पर्श होतो तो याच पानाचा. धग सर्वांत बाहेर असते तेथे जळते तेही हेच. आणि आत हवा किती शिरावी, जळण मंद व्हावे की भरभर, यावरही त्याच्या पोताचा अंमल चालतो.

या पानांच्या जाती आणि त्यांच्या तऱ्हा मोठ्या मनोरंजक आहेत. अमेरिकेतील कनेटिकट नदीच्या खोऱ्यात दोन प्रकारचे पान होते. एक कापडी मांडवाच्या सावलीत वाढवितात. ऊन गाळून मिळाल्यामुळे ते पातळ, फिकट आणि सौम्य होते, आणि त्याच्या चवीस जाणकार सायीची उपमा देतात. दुसरे त्याच खोऱ्यात उघड्या उन्हात वाढते. ते जाड, तेलकट व रुंद असते. त्याची दीर्घकाळ आंबवणी केली की ते काळपट होते आणि त्यास गोडसर, भाजलेल्या कॉफीची आठवण करून देणारी चव येते. अशा गडद पानास स्पॅनिश भाषेत ‘मादुरो’ म्हणजे ‘पिकलेले’ म्हणतात. सुमात्रा बेटावरचे पान नाजूक आणि किंचित मसालेदार. आफ्रिकेतील कॅमेरूनच्या पानावर बारीक बारीक पुटकुळ्या असतात. इक्वाडोरमध्ये तर आकाशच बहुधा ढगाळ असते, म्हणून तेथे कापडी मांडवाची गरज भासत नाही. आणखी एक प्रकार हिरवा असतो. पान तोडताच त्यास उष्णता देऊन झटपट वाळविले की हिरवेपणा पानातच राहतो आणि चवही गवतासारखी लागते.

यांतील पुष्कळसा फरक बियाण्याचा, परंतु तितकाच तो ऊन, सावली, वाळवण आणि आंबवणी यांचा आहे. आंबविण्यासाठी पानांच्या राशी रचतात. राशीच्या पोटात उष्णता निर्माण होते, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो आणि पान निवळते. लोणचे मुरण्यास जसा काळ द्यावा लागतो, तसाच हाही प्रकार.

आता या चवीमागची माणसे पाहावीत. सुमात्रातील देली प्रांतात १८६३ साली याकोबस निन्हाइस या डच माणसाने तंबाखूची लागवड आरंभिली. तेथील पान वेष्टनासाठी इतके सरस ठरले की युरोपच्या बाजारात देलीचे नाव झाले. परंतु ते मळे पिकविण्यास चीन आणि जावा येथून कराराने आणलेल्या मजुरांच्या वाट्यास जे जिणे आले, ते वेठबिगारीहून फार वेगळे नव्हते. या सुमात्रा पानाशी स्पर्धा करण्यासाठीच १९०० च्या सुमारास कनेटिकटमध्ये शेतांवर कापडी मांडव उभे राहिले. सुमात्राचे ढगाळ आकाश कापडाने निर्माण करण्याची ती युक्ती होती.

याच मांडवांच्या मुलखात १९४४ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडून एक पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तंबाखूच्या शेतावर कामास आला होता. कॉलेजच्या खर्चासाठी त्यास पैसे मिळवावयाचे होते. आपल्या दक्षिणेत जेथे गोऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची मुभा नव्हती, तेथून येऊन येथे कोणत्याही उपाहारगृहात बसता येते, याचे नवल त्याने घरी पत्राने कळविले. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. सिगारच्या वेष्टनाचा शोध घेता घेता हे नाव भेटेल, असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. त्या मुलाने पानांत एक उन्हाळा काढला आणि तो पुढे शिकावयास गेला, हे आम्ही मनात नोंदवून ठेवले.

आता विडीकडे. सिगार आणि विडी यांत मूळ भेद हा, की विडीचे वेष्टन तंबाखूचे नव्हेच. ते टेंभुर्णीचे, ज्यास हिंदीत तेंदू म्हणतात. हे आबनुसाच्या कुळातील रानझाड. त्याचे पिवळे, चिकट-गोड फळ विदर्भातील आणि मध्यप्रदेशातील मुले आवडीने खातात. विडीसाठी अन्य पानेही वापरली गेली आहेत व आपट्याचे पान त्यांपैकीच. परंतु टेंभुर्णीने सर्वांस मागे टाकले. कारण शोधण्यास आम्ही त्या मुलीचीच वही उघडली. आपट्याच्या पानात देठापासूनच अनेक ठसठशीत शिरा पंख्यासारख्या फाकतात. टेंभुर्णीच्या पानात मधली एक शीर, आणि बाजूच्या शिरा बारीक. मधली शीर टाळून कापले तर दोन्ही बाजूंस सपाट, रुंद तुकडा मिळतो. भिजविले की तो कातड्यासारखा वळतो आणि वाळल्यावर दिलेला आकार सोडत नाही. लवकर कुजत नाही. जळताना त्याचा धूर तंबाखूच्या चवीवर कुरघोडी करीत नाही, तरी आपला रानवट, किंचित तुरट गंध तीत मिसळतो. तंबाखू तोच असूनही पान बदलले की चव बदलते ती अशी.

परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सिगारेटच्या कागदातून हवा आत झिरपते, टेंभुर्णीच्या पानातून ती फारशी झिरपत नाही. म्हणून विडी सारखी विझू पाहते. ती तेवत ठेवण्यासाठी ओढणाऱ्यास पुनःपुन्हा आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. विडीत तंबाखू सिगारेटच्या निम्म्याहूनही कमी, असे असता तिच्या धुरातून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हे विषारी पदार्थ सिगारेटहून कमी न येता उलट अधिक येतात, असे तपासणीत वारंवार आढळले आहे. “विडी म्हणजे काय, रानातलं पान, तिनं काय होतंय?” असे म्हणणारे वृद्ध आमच्या गावी पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही आता सांगतो की, आजोबा, ते रानातले पानच तुमच्याकडून जोराने ओढवून घेते. तंबाखूचा दोष तंबाखूचा, पण तो छातीत खोलवर नेण्याचे काम पान करते.

आता त्या मुलीने लिहिलेले ‘पोते’ कोठून येते, ते पाहू. विदर्भ, छत्तीसगड, मध्यप्रदेश, ओडिशा, तेलंगणा येथील जंगलांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास टेंभुर्णीची झुडपे छाटतात. दीड-एक महिन्यात मुळांपासून नवे धुमारे फुटतात. मोठ्या झाडाच्या पानापेक्षा या धुमाऱ्यांचे पान विडीस अधिक चांगले. ते फार कोवळे असताना तोडले तर वाळताना आक्रसते, जून झाले तर जाड आणि कडक होते. मधला जो थोडा काळ, तोच हंगाम, आणि तो नेमका वैशाखाच्या वणव्यात येतो. पहाटे अंधारात घर सोडून पाने तोडावयाची, दुपारी घरातल्या सर्वांनी बसून ती एकावर एक रचून पुडे बांधावयाचे, सायंकाळी फडावर नेऊन द्यावयाचे. मध्यप्रदेशात पन्नास पानांचा पुडा, महाराष्ट्रात सत्तर पानांचा. मग उन्हात वाळवण. त्या आठवड्यात एखादी वळवाची सर आली की पानावर डाग पडतात आणि प्रत उतरते. किडीने पानावर फोड आणले तरी तेच. सिगारच्या पानास कापडी मांडव लाभतो, टेंभुर्णीस उघडे आभाळ.

या पानाच्या व्यापारावर मध्यप्रदेशाने १९६४ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली कायदा करून सरकारी नियंत्रण आणले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभा आपले पान आपणच लिलावाने विकू लागल्या. ज्यांनी तोडले त्यांच्या हाती त्याच्या भावाचा थोडा तरी अधिकार आला, ही चांगली गोष्ट झाली.

इतके जमवून आम्ही एका रविवारी त्या मुलीच्या घरी गेलो. उत्तर तिला सांगावयाचे होते, आणि आणखी एक गोष्ट विचारावयाची होती. सातवी संपल्यावर आमची शाळा संपते. हायस्कूल पुढच्या गावी. तिचे नाव तेथे घालावयाचे की नाही, याविषयी घरून काहीच कळले नव्हते.

तिची आई उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूस ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. पत्र्याचा साचा पानावर ठेवून ती कात्री फिरवीत होती. आम्ही आलेले पाहून ती उठू लागली, तेव्हा आम्ही म्हणालो, “बसा अक्का, काम थांबवू नका.” तिने खरोखरच थांबविले नाही. तिला हजार पुरे करावयाचे होते.

आम्ही पानाची सारी हकीकत सांगितली. सुमात्रा, कनेटिकट, सावलीचे पान, उन्हाचे पान. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “चवीचं आमास्नी काय, गुरुजी. आमाला पान कळतंय ते बोटाला.” मग तिने फडक्यातून दोन पाने काढून आमच्या हातावर ठेवली. एक मऊ, अखंड. दुसरे ठिपक्यांचे, कडेस चिरलेले. “ह्यातनं चार निघत्यात. ह्यातनं एक, लई झालं तर दोन.”

मग हिशेब आमच्या ध्यानी आला. हजार विड्यांमागे पान आणि तंबाखू ठराविक वजनाने मिळतो. पान खराब निघाले तर हजार भरत नाहीत, आणि कमी पडलेले पान पदरचे पैसे घालून विकत आणावे लागते. डागाळलेल्या पानाची विडी वळली तर ती तपासणीत ‘छाट’ म्हणून बाजूस पडते. श्रम झालेले असतात, मजुरी मात्र मिळत नाही. ज्या दिवशी पोत्यातले पान वाईट, त्या दिवशी रात्री मुलीस जागावे लागते. तिची बोटे बारीक, चिरलेल्या पानातूनही ती तुकडा साधते. आमच्या वर्गातील तिच्या पेंगण्याचे मूळ कोठल्या तरी जंगलातल्या वळवाच्या सरीत होते, हे तिला दोनदा उभे करताना आमच्या गावीही नव्हते.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री होऊ नये, असा २००३ चा कायदा आहे, आणि आम्ही शाळेच्या भिंतीवर तसा फलकही रंगवून घेतला आहे. त्या फलकाखालून जी मुले रोज ये-जा करतात, त्यांतील कित्येकांच्या कपड्यांस आणि वह्यांस तंबाखूचा वास येतो. फलक रंगविताना आम्हांस त्याची आठवण झाली नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

आम्ही हायस्कूलचा विषय काढला. तिची आई बराच वेळ बोलली नाही. बोटे चालूच होती. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, टोकाची घडी, दोऱ्याचा वेढा. पंचविसांचा कट्टा पुरा झाल्यावर ती म्हणाली, “ती गेली तर माझं रोज दोनशे तरी कमी हुतील.” दोनशे म्हणजे रुपये नव्हेत, विड्या. आम्ही विडी कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीविषयी सांगितले, अर्ज आम्ही स्वतः भरून देऊ असे म्हटले. कनेटिकटच्या शेतावरील त्या पंधरा वर्षांच्या मुलाची गोष्टही सांगितली. ती गोष्ट संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, “त्येला उन्हाळ्याचंच काम हुतं?” आम्ही होय म्हणालो. “मग बरं हाय,” ती म्हणाली. “सुटीत ही बी बसंल माझ्यासंगं. बाकी दिवस जाऊ दे.”

जूनमध्ये मुलीचे नाव पुढच्या गावी आठवीच्या पटावर लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज गेला आहे, आणि त्याचा पाठपुरावा आम्ही करीत आहोत. तिच्या आईचा हजार आता रात्री उशिरा भरतो, हेही आम्हांस ठाऊक आहे. एका अर्जाने फार काही बदलले, असे आम्ही म्हणणार नाही.

शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास ती आली, तेव्हा तिची पानांची वही आम्ही कपाटातून काढली आणि टेंभुर्णीचे पृष्ठ उघडू लागलो. तिने चटकन हात पुढे केला.

“आत्ता नगा उघडू, गुरुजी. कोरड्या दिसांत त्ये मोडतंय. पाऊस लागू दे, मग मऊ हुईल.”

वही आम्ही तशीच मिटून तिच्या हाती दिली. आमच्यापेक्षा त्या पानाविषयी तिला अधिक कळत होते.